अमेरिकेत कुत्रं-मांजर हरवलं तर: शेल्टरची मुदत संपायच्या आत काय करायचं

पुण्यात किंवा ठाण्यात कुत्रं दारातून निसटलं तर घरचे म्हणतात, ‘असेल गल्लीतच, भूक लागली की येईल.’ बहुतेक वेळा येतंही. अमेरिकेत हाच धीर अंगाशी येतो. इथे रस्त्यावर एकटं कुत्रं दिसलं की कोणीतरी गाडी थांबवतं, ॲनिमल कंट्रोलला, म्हणजे मोकाट जनावरं पकडणाऱ्या सरकारी खात्याला, फोन करतं, आणि तुम्ही ऑफिसातून घरी पोचायच्या आत ते काऊंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेल्टरमध्ये, प्राण्यांच्या निवाऱ्यात, पिंजऱ्यात असतं. तिथे नोंद झाली की ‘स्ट्रे होल्ड’ सुरू होतो, म्हणजे मालकाने येऊन घेऊन जाण्याची मुदत. मुदत संपली की बहुतेक ठिकाणी ते जनावर कायद्याने शेल्टरचं. दत्तक द्यायचं, रेस्क्यूवाल्यांच्या हवाली करायचं, की पिंजरे भरलेत म्हणून इंजेक्शन द्यायचं, हे तिथले लोक ठरवतात.

त्या इंजेक्शनला इथे ‘युथनेशिया’ म्हणतात, मराठीत दयामरण. असह्य वेदनेत तळमळणाऱ्या जनावराबाबत तो शब्द ठीक आहे. तीन वर्षांच्या धडधाकट लॅब्रेडोरला जागा नाही म्हणून मारलं, तर दया कुणावर झाली ते कळत नाही. पण काउंटरवरच्या माणसावर राग काढून काही साधत नाही. सरकारी शेल्टरला सहसा आलेलं जनावर नाकारता येत नाही, आणि पिंजरे तेवढेच असतात. एएसपीसीए या संस्थेच्या २०१९च्या अंदाजानुसार तेव्हा वर्षाला सुमारे ६३ लाख कुत्री-मांजरं शेल्टरमध्ये येत होती, त्यातली ९ लाख २० हजारांच्या आसपास मारली जात होती. मालकाकडे परत जाणारी सुमारे ८ लाख १० हजार, आणि त्यात मांजरं जेमतेम १ लाख.

मुदत किती असते

देशभर एकच नियम नाही. राज्याचा कायदा, त्यावर काऊंटीचा किंवा शहराचा स्वतःचा नियम, असा थर असतो. साधारण ३ ते ७ दिवस धरून चाला. न्यू जर्सीत किमान ७ दिवस. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात ओळख नसलेल्या कुत्र्याला ५ दिवस. ओळख असेल तर मालकाला प्रत्यक्ष कळवल्यापासून ७ दिवस, टपालाने कळवलं तर ९. व्हर्जिनियात ५ दिवस, आणि पट्टा, बिल्ला किंवा कातडीखालच्या चिपवरून मालकाचा माग लागत असेल तर आणखी ५. कॅलिफोर्नियात १९९८च्या हेडन कायद्याने कामाचे ६ दिवस ठरवले, शेल्टर एखाद्या संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी उघडं असेल तर ४. पण प्रत्यक्षात काही शेल्टरं ७२ तासांवरच चालतात. म्हणून नेटवर वाचलेल्या आकड्यावर विसंबू नका. फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘आज आलेल्या जनावराचा होल्ड कोणत्या तारखेला किती वाजता संपतो?’ आलेला दिवस मोजतात की नाही, सुट्ट्या धरतात की नाही, हे त्या उत्तरात आपोआप येतं.

या मुदतीलाही अपवाद आहेत. वाचण्याची आशा नसलेलं, तडफडणारं जनावर डॉक्टर मुदतीआधी झोपवू शकतात. आईविना आलेली दूधपिती पिल्लं कॅलिफोर्नियात मुदतीशिवाय मारता येतात. आणि ‘मालकाने स्वतः आणून सोडलं’ अशी नोंद झालेल्या जनावराला कित्येक ठिकाणी मुदतच नसते. रूममेटने भांडणानंतर तुमचं मांजर स्वतःचं सांगून सोडून आल्याचा संशय असेल, तर फक्त ‘स्ट्रे’च्या यादीत शोधू नका, ‘ओनर सरेंडर’च्या नोंदीही बघायला सांगा.

पहिले काही तास

घरातले सगळे एकदम बाहेर पळत सुटतात, हे चुकतं. कामं वाटून घ्या. एकाने परिसरात शोधायचं, दुसऱ्याने फोन आणि फोटो सांभाळायचे, तिसऱ्याने सरळ शेल्टर गाठायचं.

बाहेर शोधणाऱ्याने घाबरलेल्या कुत्र्याच्या मागे धावू नये. ते आणखी पळतं आणि हमरस्त्यावर जातं. लांबच बाजूला तोंड करून खाली बसा, नेहमीच्या आवाजात नेहमीचंच काहीतरी बोला, हातात वास येणारं खाणं ठेवा. ‘चल, भूर जायचं?’ याला जे कुत्रं रोज उड्या मारतं, त्याला आज इंग्रजीत हाका मारायची गरज नाही. मांजराचं वेगळं असतं. ते लांब जात नाही, लपतं. हरवलेल्या मांजरांच्या २०१८च्या एका अभ्यासात सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. घरातच वाढलेलं मांजर तर शेजारच्या डेकखाली, गराजमध्ये, झुडपाच्या बुडाशी दबून बसलेलं असतं आणि हाकेला ओ देत नाही. रात्री सामसूम झाल्यावर टॉर्च जमिनीलगत धरून फिरा; डोळे चमकतात. शेजाऱ्याला ‘दिसलं का?’ विचारू नका, ‘तुमचं गराज उघडून पाच मिनिटं बघू का?’ असं विचारा.

फोन फक्त आपल्या काऊंटीच्या शेल्टरला करून थांबू नका. ज्याला कुत्रं सापडलं तो कामावरून परतताना वाटेत भेटलेल्या कुत्र्याला स्वतःच्या गावातल्या शेल्टरमध्ये नेतो, म्हणून शेजारच्या दोन-तीन काऊंट्यांना कळवा. जवळपासचे व्हेट (जनावरांचे डॉक्टर) आणि रात्रभर उघडी असणारी इमर्जन्सी हॉस्पिटलं यादीत घ्या. जड मनाने का होईना, रस्ते सफाई विभागालाही फोन करा. मेलेली जनावरं तेच उचलतात. चिप स्कॅन करता का, हे विचारून ठेवा.

फोटो नाकाजवळून काढलेला गोड सेल्फी नको. उभं असताना बाजूने, पूर्ण अंग दिसेल असा एक आणि चेहऱ्याचा एक. ‘पेटको लव्ह लॉस्ट’वर टाका, तिथे फोटोवरून चेहरा जुळवतात आणि पैसे पडत नाहीत. नेक्स्टडोअर आणि गावाच्या फेसबुक गटांवरही टाका. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर जरूर टाका, पण तुमचं कुत्रं बहुधा सापडणार ते त्या गटात नसलेल्या कुणाला तरी. म्हणून चौकात भडक रंगाच्या मोठ्या पुठ्ठ्यावर चालत्या गाडीतून वाचता येतील एवढेच शब्द लिहा: हरवलं कुत्रं, रंग, फोन. बाकी मजकूर कोणी वाचत नाही. अंगावरची एक खूण मात्र जाहिरातीत लिहू नका. ती पुढे उपयोगी पडते.

शेल्टरमध्ये स्वतः जायचं, आणि पुन्हा जायचं

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे: फोनवर ‘असं कुत्रं आमच्याकडे नाही’ हे उत्तर मानू नका. फोन उचलणारा माणूस संगणकावर जात, रंग आणि लिंग बघतो, आणि त्या तिन्ही गोष्टी आल्या त्या क्षणी कोणीतरी अंदाजाने भरलेल्या असतात. भारतातून आणलेलं आपलं देशी कुत्रं तिथे ‘शेफर्ड मिक्स’, ‘बसेंजी मिक्स’ किंवा ‘कॅरोलायना डॉग’ म्हणून चढतं. पॉमेरेनियन म्हणून घेतलेला स्पिट्झ ‘अमेरिकन एस्किमो’ होतो. तुम्ही तपकिरी म्हणता त्याला ते टॅन म्हणतात, चॉकलेट म्हणतात, रेड म्हणतात. नसबंदी केलेल्या लांब केसांच्या बोक्याची नोंद मादी म्हणून होणं रोजचं आहे.

सोबत न्यायचं: फोटोंचे छापील कागद, व्हेटकडचं बिल किंवा लसीचं सर्टिफिकेट, चिपचा नंबर, तुमचं फोटो ओळखपत्र. आधी ‘लॉस्ट रिपोर्ट’ भरा. मग सगळे भाग दाखवायला सांगा, कारण लोकांसाठी खुला असलेला पिंजऱ्यांचा भाग म्हणजे पूर्ण शेल्टर नव्हे. आजारी जनावरांचं आयसोलेशन, जखमींचा दवाखाना, चावलेल्यांचं क्वारंटाइन आणि नुकत्याच आलेल्यांची खोली वेगळी असते. तिथे सोडत नसतील तर फोटो दाखवून एखाद्या कर्मचाऱ्याला आत पाठवा. दर दिवशी किंवा फार तर एक दिवसाआड जा. मुदत ३ दिवसांची असेल तर एक दिवसाआडही परवडत नाही. आठवडा झाला म्हणून थांबू नका. कित्येक कुत्री आधी कुणाच्या तरी अंगणात दहा-पंधरा दिवस काढतात आणि मग शेल्टरमध्ये येतात.

पिंजऱ्यातलं कुत्रं घरच्यासारखं दिसेल ही अपेक्षा सोडा. आवाजाने आणि वासाने ते भेदरलेलं असतं, कोपऱ्यात पाठ करून बसतं, गुरगुरतं. शेल्टर भरलं की कोणाला आधी मारायचं हे ठरवताना आजार, चावण्याचा प्रयत्न, पिंजऱ्यातलं बिथरणं आणि किती दिवस पडून आहे, हे बघतात. मोठ्या अंगाची कुत्री जास्त अडकतात. म्हणून लॉस्ट रिपोर्टमध्येच लिहा: कुत्रं मराठी समजतं, इंग्रजी नाही. ‘बस’, ‘थांब’, ‘इकडे ये’ हे उच्चार रोमन लिपीत लिहून द्या. ‘सिट’ला बधिर असलेलं कुत्रं ‘बस’ म्हटल्यावर खाली बसलेलं बघितलं की कर्मचाऱ्याचा शेराच बदलतो.

चिप असूनही का सापडत नाही

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, साधारण १२ मिलिमीटर लांब, खांद्याच्या पात्यांमध्ये कातडीखाली बसवलेली. तिच्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही. स्कॅनर जवळ आला की ती फक्त एक नंबर सांगते. नंबरावरून फोनपर्यंत पोचायचं ते रजिस्ट्रीमधून, म्हणजे चिपचा नंबर आणि मालकाचा फोन ठेवणाऱ्या नोंदवहीतून, आणि साखळी तिथेच तुटते.

अमेरिकेतल्या ५३ शेल्टरांच्या २००९च्या अभ्यासात मोकाट आलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकाकडे परत गेली. चिप असलेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होतं. मांजरांत फरक आणखी मोठा: दोन टक्क्यांहूनही कमी, आणि चिपवाल्यांत ३८ टक्क्यांच्या वर. चिप असूनही मालक न सापडण्याचं सगळ्यात मोठं कारण रजिस्ट्रीतला फोन चुकीचा किंवा बंद असणं.

आता आपल्या लोकांची अडचण. भारतात बसवलेली चिप बहुधा १५ आकडी, १३४.२ किलोहर्ट्झची आयएसओ चिप असते. कधी ती भारताच्या ३५६ या कोडने सुरू होते, कधी चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ९००च्या पुढच्या कोडने. इथला आजचा स्कॅनर ती वाचतो. पण पुढे ‘आहा’ (एएएचए) या जनावरांच्या दवाखान्यांच्या संघटनेच्या, चिपची रजिस्ट्री शोधून देणाऱ्या लुकअप पानावर नंबर टाकला की मालकापर्यंत नेणारं काहीच येत नाही, कारण तो अमेरिकेतल्या कुठल्याच रजिस्ट्रीत नाही. कुत्र्याबरोबर आणलेल्या कागदांवर नंबर आहे, म्हणजे नोंदणी झाली असा समज होतो; ती झालेली नसते. उपाय पंधरा मिनिटांचा: कोणत्याही कंपनीची चिप स्वीकारणाऱ्या अमेरिकन रजिस्ट्रीत तो नंबर इथल्या पत्त्यासह नोंदवा, दोन दिवसांनी लुकअपवर स्वतः टाकून बघा. तुम्ही नोंदवलेल्या रजिस्ट्रीचं नाव दिसलं की काम झालं. चिप इथेच बसवली असली तरी वर्षातून एकदा तपासा. सेव्ह धिस लाइफ ही रजिस्ट्री २०२५च्या सुरुवातीला अचानक बंद पडली आणि ज्यांनी चिप दुसरीकडे नोंदवली नव्हती त्यांची नोंद गेलीच. नंबर ९९१ किंवा ९००१६४ ने सुरू होत असेल तर आजच बघा.

व्हेटकडे दरवर्षी लसीला नेता तेव्हा स्कॅनही करून घ्या. चिप कधी सरकून खांद्याखाली, पुढच्या पायाकडे उतरते, आणि स्कॅनर घाईत फक्त मानेवरून फिरवला तर चुकते. शेल्टरमध्ये संशय वाटला तर ‘दोन्ही खांदे, छाती, पुढचे पाय, हळूहळू’ पुन्हा स्कॅन करायला सांगा, पट्टा काढून. आणि चिप कितीही चांगली असली तरी गळ्यातला बिल्ला सोडू नका. ज्याला कुत्रं सापडतं त्याच्याकडे स्कॅनर नसतो, फोन असतो.

तुम्ही भारतात, कुत्रं इथे

सगळ्यात वाईट प्रकरणं यातली असतात. घरचे सगळे चार आठवडे भारतात, कुत्रं मित्राकडे किंवा सिटरकडे, म्हणजे पैसे घेऊन सांभाळणाऱ्याकडे. ते पळतं, शेल्टरमध्ये पोचतं, चिप वाचली जाते, फोन लागतो तो तुमच्या अमेरिकन नंबरवर, जो सुटकेसमध्ये बंद पडलाय. शेल्टर टपालाने नोटीस पाठवतं, आणि तुम्ही निघताना टपाल खात्याला ‘होल्ड मेल’ सांगून आलेला असता, म्हणून ती पोस्टातच पडून राहते. मित्र शेल्टरमध्ये जातो तर म्हणतात, मालक तुम्ही नाही.

निघण्याआधी तीन कामं करा. रजिस्ट्रीत दुसरा संपर्क म्हणून इथेच असलेल्या माणसाचा नंबर घाला. बिल्ल्यावर तात्पुरता सिटरचा नंबर लावा. आणि एक सही केलेलं पत्र सिटरकडे ठेवा: कुत्र्याचं वर्णन, चिप नंबर, तुमचा पत्ता, ‘अमुक व्यक्तीला माझं जनावर सोडवून नेण्याचा, फी भरण्याचा आणि इतक्या डॉलरपर्यंत उपचाराला संमती देण्याचा अधिकार देत आहे’ असं स्पष्ट वाक्य, सोबत तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत आणि रेबीजचं सर्टिफिकेट. डॉलरचा आकडा मोकळा सोडू नका. मध्यरात्री हॉस्पिटल विचारतं तेव्हा मित्र अडकतो.

सापडलं, पण आज सोडवता येत नाही

पैसे नाहीत, गाडी नाही, किंवा तुम्ही विमानात आहात. अशा वेळी तोंडी आश्वासनावर राहू नका. शेल्टरने दिलेला जनावराचा नंबर घ्या; बऱ्याच ठिकाणी तो ‘ए’ने सुरू होतो. त्या नंबरासह ईमेल करा: मी मालक आहे, पुरावा जोडला आहे, अमुक तारखेला अमुक वेळेपर्यंत येतो, तोवर दत्तक किंवा युथनेशियासाठी पाठवू नये. मग फोन करून हा मजकूर त्या नंबराच्या नोंदीत चढवला का, आणि कोणी चढवला, ते विचारा. दुपारच्या पाळीत कबूल केलेलं सकाळच्या पाळीला माहीत नसतं, आणि नोंदीत नसलेली गोष्ट शेल्टरमध्ये घडलेली नसते.

फी म्हणजे पकडल्याचा दंड, रोजचं भाडं, लस, कुत्रं पाळायचा परवाना, कधी चिप. नसबंदी न केलेल्या जनावराला बहुतेक ठिकाणी जास्त. रोज वाढते, म्हणून रकमेला घाबरून चार दिवस थांबणं हा उलटा हिशोब. परवडत नसेल तर सरळ सांगा, हप्ते किंवा माफी मागा. पिंजरे भरलेलं शेल्टर फी सोडायला तयार असतं, पण ते स्वतःहून म्हणत नाहीत.

कुत्रं कोणाला चावलं असेल तर १० दिवस निरीक्षणाखाली राहतं. रेबीजची चालू लस दाखवली तर ते काही ठिकाणी घरी करू देतात. कागद नाही आणि मालकही पुढे आला नाही, तर ते मारून त्याचा मेंदू रेबीजच्या तपासणीला पाठवू शकतात. भारतात दिलेली लस बऱ्याच काऊंट्या परवान्याला धरत नाहीत. आल्यावर इथल्या व्हेटकडून टोचून घ्या.

मुदत उलटून गेली असेल तरी जा. जनावर तिथे असेल तर दत्तक घेणाऱ्याच्या रांगेतून घ्या, वाद नंतर. मारायच्या यादीवर असेल आणि तुम्ही दूर असाल तर शेल्टरच्या ‘रेस्क्यू कोऑर्डिनेटर’ला विचारा की कोणत्या संस्था त्यांच्याकडून जनावरं उचलतात, आणि त्यातल्या दोघा-तिघांना तो नंबर पाठवा. ‘प्लीज मदत करा’ असं फेसबुकवर लिहिण्यापेक्षा ‘संस्थेने उचललं तर मी शनिवारी घेऊन जाईन आणि खर्च देईन’ हा ईमेल जास्त चालतो.

‘कुत्रं सापडलंय’ असे फोन

जाहिरातीवर नंबर टाकला की एक-दोन दिवसांत फसवणारे फोन येतात. ‘गाडीखाली आलंय, हॉस्पिटलमध्ये आहे, ऑपरेशनला ‘झेल’ या पैसे पाठवायच्या ॲपने पैसे पाठवा.’ हॉस्पिटलचं नाव विचारा, नेटवरून नंबर काढून स्वतः फोन करा. दुसरा प्रकार: ‘तुम्ही खरे मालक आहात ना, मग तुमच्या फोनवर आलेला कोड सांगा.’ तो कोड तुमच्या नंबरावर त्या फोन करणाऱ्याचं खातं उघडण्यासाठी असतो. जाहिरातीत न लिहिलेली ती खूण इथे विचारा. डाव्या मागच्या पायाची पांढरी बोटं किती, हे चोराला सांगता येत नाही.

घरी आणल्यावर

शेल्टरमधून आलेल्या कुत्र्याला दोन आठवड्यांत खोकला सुरू होऊ शकतो. तोवर डॉग पार्क आणि शेजारची कुत्री बंद. मांजराला शिंका आणि डोळ्यांतून पाणी येऊ शकतं. घरातल्या दुसऱ्या मांजरापासून वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी वेगळी. पहिला आठवडा अंगणातही दोरीशिवाय सोडू नका. ज्या फटीतून निसटलं ती त्याला आता पाठ असते. ४ जुलैची रात्र आणि दिवाळीतले फटाके दोन्हीला आतल्या खोलीत, खिडक्या बंद. आणि शेल्टरच्या पावतीवर त्यांनी वाचलेला चिप नंबर असतो, तो तुमच्याकडच्या नंबराशी आकडा आकडा ताडून बघा. एखादा चुकीचा निघाला तर त्याच दिवशी रजिस्ट्रीत दुरुस्त करा.